सताड

रात्रीचे अकरा. फारो बेटांवरचं एक गाव,
घरं पंचवीस, मेंढ्या सहाशे चाळीस.
रानवा खिडकीशी बसून तेच तेच विचारते
आणि पडद्यावर तेच तेच उत्तर :
परवानगी नाही.

सर्व्हर लांब नाही. इथून दिसते त्याची खोपी,
फटीफटीच्या लाकडाची, हानुसची,
जिथं मटण वाऱ्यावर वाळत टांगतात.
'फुकटचा गारवा,' हानुस म्हणाला होता,
आणि मांड्यांच्या रांगेमागे, फळीवर,
ठेवून दिलं होतं काळं खोकं.

त्यात गावाची मेंढ्यांची वही.
डावा कान टोकाशी चिरलेला, तर ती टायटुरची.
उजव्याला मागून चांदकोर, तर सुन्नेवाबाईची.
उद्या उजाडता कळप डोंगरावरून उतरणार
आणि शेवटच्या एकोणीस दुरुस्त्या
अजून हिच्याच लॅपटॉपात.

तीन व्ही लावून ती पुन्हा विचारते,
म्हणजे सगळं सांग, काही गाळू नकोस.
यंत्र भडाभडा बोलायला लागतं :
ही किल्ली दाखवली. ही दाखवली. हीसुद्धा दाखवली.
पलीकडचा कागद घेतो, बघतो, परत सरकवतो,
मान काही वर करत नाही.

ठसा पडताळते, अक्षर न् अक्षर, मोठ्यानं,
कानावरच्या खाचा म्हणतात तशी.
बरोबर आहे.
मग चुकतंय कुठं?
सगळं बरोबर असताना नाकारलं जाणं
याला काय म्हणायचं, ते तिला सुचत नाही.
ती हानुसला फोन लावते.

हानुस चौऱ्याहत्तर वर्षांचा.
लाकडी चपलांत मोजे, हातात बॅटरी,
फोन गालाखाली दाबून खोपीत शिरतो.
वारा इतका की निम्मे शब्द मांसालाच ऐकू जातात.
'नोंदवहीची शेवटची ओळ वाच.'
'चष्मा नाही.'
'मग जवळ जा.'
तो वाचतो, एकेक शब्द चघळत :
नकार. घराची मालकी किंवा मोकळीक. ठीक नाही.

इथं रानवा गप्प होते.

रविवारी टायटुर कुरकुरत होता,
मला त्या फोल्डरात लिहिता येत नाही म्हणून.
तेव्हा हिनंच टाइप केलं होतं, सात सात सात,
एका फटक्यात, पार आतल्या खणापर्यंत :
कोणीही या, वाचा, लिहा, खोडा.
या गावात दाराला कडी लावत नाहीत.
शेजारी येतो, बेसिनमध्ये मासा ठेवतो, जातो.
तिला वाटलं होतं, यंत्रालाही चालेल.

'म्हणजे,' हानुस म्हणतो, 'दार उघडं आहे
म्हणून तो आत घेत नाही?'
'हो. कोणीही येऊन यादी बदलू शकत असेल,
तर यादीतलं माझं नाव मीच लिहिलं कशावरून?'
बराच वेळ नुसता वारा.
'शहाणा आहे,' हानुस म्हणतो. 'आता कुठली कळ दाबू?'

घराला सात पाच पाच.
आतल्या पेटीला सात, शून्य, शून्य.
यादीला सहा, शून्य, शून्य.
एका बोटानं, थंडीनं आखडलेल्या,
एकदा सहाच्या जागी नऊ दाबून,
शिवी घालून, खोडून, पुन्हा.

रानवा विचारते. या वेळी एकही व्ही नाही.
आणि तो तिला नावानं ओळखतो,
जणू मधले तीन तास घडलेच नाहीत.
एकोणीस दुरुस्त्या सरसर निघून जातात
वाळत्या मांड्यांच्या मागे.

बारा वाजून दहा मिनिटांनी टायटुरचा निरोप :
मला पुन्हा लिहिता येत नाहीये.
ती लिहिते : तू स्वतःची जोडी बनव.
मला त्यातली जाहीर किल्ली पाठव.
फक्त जाहीर. दुसरी कोणालाच द्यायची नसते,
मलासुद्धा नाही.

सात मिनिटांनी फोन थरथरतो.
त्यानं पाठवली आहे.
दुसरी.