धुराची वाट

दोन वाजले की सगुण शटर ओढून घ्यायचा.
पलीकडचा कायतान जेवून आडवा झालेला,
इंजिनाने झोपमोड झाली तर शिव्या पोर्तुगीजमधून.

त्या दिवशी आत कोणाची तरी जुनी फियाट चालू.
चहा घेऊन गेले, तर हा भिंतीला टेकलेला.
म्हणाला, पित्त झालंय, सोलकढी दे.
पाना कुठल्या हातात आहे
ते काही त्याला सांगता येईना.
मी आधी शटर उचललं, मग त्याला.

डॉक्टर म्हणाले, त्या वायूला रंग नाही, वास नाही.
'म्हणजे निर्गुण,' खाटेवरून हसला.
मला नाही आलं हसू.

मग आठवडाभर चिरा फोडणं, घरभर तांबडी धूळ.
पहिला पाइप प्लास्टिकचा. वितळला.
दुसरा फोंड्याहून, पत्र्याचा, वळ्यावळ्यांचा,
सायलेन्सरच्या तोंडाला पट्टीने आवळलेला.
पण सोडायचा कुठे?
तुळशीकडे नको, कायतानच्या बाल्कांवाकडे नको,
माझ्या रांधपाच्या खिडकीकडे तर नकोच नको.
शेवटी कौलांच्याही वर, माडाच्या अंगाने,
पावसासाठी डोक्यावर रंगाच्या डब्याची टोपी.

शटर आता उघडंच असतं.
कायताननेच सांगितलं, येऊ दे रे आवाज,
थांबला की जाग येते मला.

मी मात्र रोज मागच्या दारी जाते,
पाइप वळतो तिथे पालथा हात नेते.
तापलेला असतो.
तापलंय ते इंजिन, एवढंच कळतं त्यातून.
म्हणून हाक मारते,
आणि 'कितें गे?' येईपर्यंत
तिथेच उभी.