गाडी भरेपर्यंत

खोरोग.
नावातच खोरं आहे म्हणून हसले,
तर मधून वाहणाऱ्या नदीचं नाव निघालं गुंत.
इथल्या कुणालाच यात काही गंमत दिसेना.
ओदिनामामदने माझी बॅग जीपच्या टपावर बांधली,
सात बोटं दाखवली, त्यातली चार दुमडली:
सात जण झाले की निघू,
आत्ता तिघं आहोत.

बॅग टपावर, मी खाली.
असे चार दिवस.

चार दिवसांत शहर पाठ झालं.
एक लांब रस्ता, दोन्ही कडांना पॉप्लर,
कमरेपर्यंत चुना लावलेले,
एक तारखेला आमच्या काउंटरसमोर
पेन्शनर उभे राहत तसे.
रस्त्यामागे दोन ओळी घरं, की लगेच डोंगर.
ऊन दहाला अंथरतात, चारला उचलून नेतात,
भाड्याच्या सतरंजीसारखं.

झुलत्या पुलाला मधली एक फळी नाही.
तिथे सगळे न बघता ढांग टाकतात,
शाळेची पोरंसुद्धा, आइस्क्रीम चाटत.
तिसऱ्या दिवशी माझाही पाय
आपोआप लांब पडला.
कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

उतरले होते झरीफमोकडे.
घराला पाच खांब,
छताला चौकोनात चौकोन, त्यात चौकोन,
सगळ्यात आतल्यात रुमालाएवढं आभाळ.
सकाळचा चहा म्हणजे दूध, मीठ, वर लोण्याचा गोळा
आणि त्यात कुस्करलेली रोटी.
पहिल्या दिवशी मी साखर मागितली.
तिने आणून दिली, आणि तापातल्या मुलाकडे बघावं
तशी माझ्याकडे बघत राहिली.

बोलणं म्हणजे सापडतील ते शब्द.
दरवाजा. बाजार. मेवा. कागद.
एक सापडला की आम्ही टाळी द्यायचो,
दोघी साठीच्या बाया.
‘खबर’ तिने काढला.
त्याला टाळी दिली नाही.

चौथ्या दिवशी माझ्या गळ्यातली दुर्बीण तिने
दोन बोटांनी उचलली.
पक्ष्यांसाठी घेतलेली, ग्रॅच्युइटीतून.
चल, म्हणाली.

गुंत खाली जाऊन पंजला मिळते.
पंजचा हा काठ एक देश, तो काठ दुसरा.
मध्ये एवढंच पाणी
की पलीकडचं कोंबडं इकडच्यांना उठवतं.
पूल आहे. त्याच्या तोंडाशी शनिवारी बाजार भरायचा.
शनिवार येतात अजून.

तिने पक्षी पाहिले नाहीत. बर्फ पाहिला नाही.
पलीकडच्या एका मातीच्या धाब्यावर नजर लावली
आणि खुणांनी, शब्दांनी, मला वाचून दाखवू लागली.
तुती वाळत घातल्यात.
गाय आहे. गाय दुसरी आहे.
मावशी बसलीय
(स्वतःचा उजवा पाय ताठ पसरून दाखवला) अशी.
दोरीवर चादरी चार.
मागच्या वर्षी पाच होत्या.
मागच्या वर्षी एक जर्मन आला होता,
त्याच्याकडेही होती दुर्बीण.

पाचवी चादर धाकट्या भाचीची.
लग्न झालं असेल,
हे तिने बोटात नसलेली अंगठी चढवून सांगितलं.
किंवा,
आणि ते बोट तसंच हवेत राहिलं.

परतलो तर ओदिनामामद दारात, हात हलवत.
सातवा मिळाला होता,
एक म्हातारा, सोबत नवंकोरं शिलाई मशीन
आठव्या माणसासारखं मांडीवर.
झरीफमोने खिशात वाळली तुती कोंबली,
दुर्बीण पदराने पुसून गळ्यात घातली माझ्या.

ती देऊन टाकावी हे मला सुचलं
शेवटच्या पॉप्लरपाशी.
‘थांब’ हा शब्द आमच्या यादीत नव्हता.
खरं सांगायचं तर
हात वर केला की गाडी कुठेही थांबते.

संध्याकाळी पठारावर गिधाड दिसलं,
खूप उंच, एकटं.
लावून पाहिलं.
पीसन् पीस दिसत होतं.