चाळीस चिरे

देवगड डेपोतून चार दिवसांची रजा टाकली
आणि पायरीपासून बेड्यापर्यंत वाट घालायला घेतली.
टेंपोने चाळीस चिरे खळ्याच्या कडेला उतरवले,
तांबडी धूळ उडाली, दोन्ही पोरं शिंकली.
नारळ वगैरे काही फोडला नाही.

वहीत मी हिशोब मांडला होता:
ऐंशी फूट, दर दोन फुटांवर एक चिरा,
एक चिरा म्हणजे एक ढांग.
ढांग अर्थात माझी.
गगनबावड्याचं एकेक वळण मला झोपेत येतं,
ऐंशी फूट सरळ जायला असा किती वेळ?

रेवाला पहार उचलेना, म्हणून ती मुकादम झाली.
निमिषला दिली करवंटी, माती उपसायला.
पहिल्या दिवशी खड्डे झाले तीन,
त्यातला एक वाटेवर नव्हताच,
तो म्हणे कुर्लीसाठी. कुर्ली कुठली?
"येईल," तो म्हणाला,
आणि करवंटीभर पाणी ओतून वाट बघत बसला.

दुसऱ्या दिवशी दोरी सापडेना.
गांडूळ बांधायला नेली होती.
गांडूळ सुटलं होतं,
गाठी सुटत नव्हत्या.
गडग्यापलीकडून बाबल मेस्त बघत होता:
"दोरी नाय तर नजरेन धर रे,
वाट आसा ती, वरात न्हय."
मी नजरेने धरली. संध्याकाळपर्यंत अकरा चिरे,
आणि अकराही थोडे डावीकडे झुकलेले,
जुन्या गाडीचं स्टिअरिंग ओढतं तसे.

तिसऱ्या दिवशी फावड्याचा दांडा मोडला.
तो बसवून परत येतो तर
माझे अकरा चिरे उपटलेले,
आणि सगळेच्या सगळे, चाळीस,
एकमेकांच्या अंगाला अंग लावून बसलेले
पायरीपासून थेट रायवळ आंब्यापर्यंत.
तिथे वाट संपली होती.
पुढे चाळीस फूट नुसती माती, चिकटा, कोंबडीची विष्ठा.
प्राची घामाने निथळत कंबर धरून उभी.
"त्याचा पाय पोचत नव्हता," ती म्हणाली.
"मधे खाडी आहे," रेवाने समजावलं,
"काल तो दोनदा बुडाला."

मग मी ओरडलो.
टपावर चढणाऱ्यांवर ओरडतो त्या आवाजात.
चिऱ्याला काय पैसे पडतात, रजा कशी मिळते,
वाट ही कुठून तरी कुठे तरी जायला असते,
असं बरंच.
कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या.
शेवटचा चिरा उपटायला पहार घेऊन निघालो
तर त्यावर निमिष उभा होता,
गुडघ्यापर्यंत लाल, नाकाला माती,
आणि त्याने एक हात
आडवा, सरळ पुढे केला.

आता हात दाखवल्यावर
गाडी थांबवावी लागते.
आमच्यात ते लिहिलेलंच असतं.

पहार आंब्याला टेकवली.
"कुठे जायचंय?" विचारलं.
"देवगड. एक अर्धं."
खांद्यावर घेऊन बेड्यापर्यंत सोडला त्याला,
चिखलातून, चाळीस फूट,
आणि लगेच परतीचं भाडं घेतलं.
रेवानेही दोन फेऱ्या मारल्या, पासवर.
प्राची पायरीवर बसून चहा गार करत राहिली.

चौथ्या दिवशी काहीच झालं नाही.
पाठ धरली होती.
रिकाम्या फटींत पोरांनी तेरडा खुपसला,
मुळं वर, फुलं खाली.

बाबल रोज विचारतो, "फुडचे चिरे कधी?"
पगार होऊ दे, मी म्हणतो.
दोन पगार झाले.

पहाटेची कोल्हापूर गाडी माझी.
साडेचारला काळोखात घराबाहेर पडतो,
हातात डबा, पायात कंपनीचे जड बूट,
आणि ते बूट मला लहान लहान टाकावे लागतात,
मोठी ढांग घेतली की लय चुकते, ठेच लागते.
आंब्याखाली आलो की पाय आपोआप अडतात.
पुढे खाडी.
क्षणभर उभा राहतो तिथे,
मग उतरतो.