यूजर दोन

रोयस्टन टीव्ही भिंतीला ठोकून गेला
तेव्हा चित्र दुकानातल्यासारखंच होतं, 'विविड'वर.
बातम्या देणाऱ्या बाईचे ओठ
तिच्या चेहऱ्याच्या वीतभर पुढे.
आई म्हणाली, बरी दिसते.
बाबा म्हणाले, "तांबडें चड जालां."

कुडचड्यात तांबडं जास्त झालंय
हे माझ्या बाबांनी म्हणावं!
सावर्ड्याच्या धक्क्यावर तीस वर्षं
बार्जांच्या नाकाडावर नावं रंगवली त्यांनी,
खनिजाची धूळ डब्यात, बनियनच्या शिवणीत,
कानामागच्या पेन्सिलीवरसुद्धा.

मी रिमोट घेऊन मेनूत उतरले.
शार्पनेस शून्यावर नेला
तशी बाईच्या केसांभोवतीची पांढरी रेघ गेली.
"ती आउटलाइन," बाबा म्हणाले,
"मीही काढायचो. पण अक्षरांना.
माणसांना नाही."

मैदान हिरवं करायला वीस मिनिटं.
"एवढं हिरवं कुठं असतं?"
टीव्हीत असतं, बाबा.
साडेसातला आईची मालिका,
तिची कसोटी निराळी:
थोरल्या जावेची साडी मोरपंखी दिसली पाहिजे,
निळी दिसली तर टीव्ही परत.

मग त्यांनी तळहातानं एक डोळा झाकला.
मग दुसरा.
मग परत पहिला.
आईनं विचारलं, कुणाची परीक्षा चाललीय?

उजव्याचा मोतीबिंदू मडगावात गेल्या महिन्यात काढला,
डाव्याचा नंबर चतुर्थीनंतर.
तोवर माझ्या बाबांच्या तोंडावर
दोन वेगवेगळ्या सालांतले डोळे.

"डाव्यानं कसं दिसतं?" मी विचारलं.
सांगता येईना त्यांना.
"थांब, दाखवतो," म्हणाले, आणि डावा झाकून
उजव्यानं मला हुकूम सोडू लागले:
निळा कमी कर.
आणखी.
उजेड उतरव.
थोडं मळव. आणखी थोडं.
मध्येच हात बदलून डाव्यानं
भिंतीवरचं कॅलेंडर ताडून बघत,
रंगाचा नमुना जुळवावा तसे.
"हां. राहू दे."

चहाचं पाणी.
दोनदा उकळलेलं.
आई हात पुसत दारात आली, बघत राहिली.
असं दिसायचं तुम्हाला? आणि बोलला नाहीत?
"वाटलं, धूळच आहे."
खाणी बंद होऊन किती वर्षं झाली,
हे मी मोजलं नाही त्या वेळी.

दोन्ही सेव्ह केली. यूजर एक, यूजर दोन.
टीव्ही नाव टाकू देत नव्हता.

चतुर्थी झाली, दुसरा डोळाही नवा झाला.
पट्टी सुटली त्या सकाळी बाबा अंगणात गेले
आणि चहा निवेपर्यंत फाटकापुढे उभे.
"हें कोणें रंगयलां?"

तुम्हीच.
तीन वर्षांमागं, दोन दिवस खपून,
कुणाला डब्याला हात न लावू देता.
बार्जाचा करडा हवा होता तुम्हाला.
ढवळायचात, बघायचात, मान हलवायचात,
आणि पुन्हा निळं ओतायचात.
मी काही म्हणणार होते,
तर, "रंग मला शिकवतेस?"
पोदेर अख्ख्या वाड्याला पत्ता सांगतो अजून
जांभळ्या गेटाच्या पुढचं घर, दोन उंडे.

बाबा हसले. मग म्हणाले, रविवारी घासून काढू.
तीन रविवार गेले.

आता घरात सदा यूजर एक.
आईची जाऊ मोरपंखी, मैदान हिरवं,
बातम्यांच्या बाईचे ओठ तिच्याच चेहऱ्यावर.

काल दोघं झोपल्यावर
फाटकाचा दुपारी काढलेला फोटो
मी फोनवरून टीव्हीवर टाकला
आणि यूजर दोन लावला.

करडं.
कडेला गंजाचा एक ठिपका,
कडीखाली ब्रशाचा एक केस चिकटून राहिलेला,
आणि सगळं फाटक
अगदी बार्जाचं करडं.