कललेला शिक्का

आमच्या कंपनीत शिक्का सरळ मारत नाहीत.
कनिष्ठाने आपलं नाव जरा डावीकडे कलतं उमटवायचं,
वरिष्ठाच्या शिक्क्यापुढे मान लववल्यासारखं.
कुठल्याच नियमावलीत हे लिहिलेलं नाही.
रुजू झाले त्या आठवड्यात हागिनोबाईंनी
माझं मनगट धरून शिकवलं:
इतका सरळ नको, उद्धट दिसतो.
इतकाही कलता नको, पडेल.

तोयामात आम्ही लिफ्टचे ब्रेक बनवतो.
बावीस वर्षं मी संचालक मंडळाची इतिवृत्तं लिहिते.
अकरा खुर्च्या, अकरा पेले बार्लीचा चहा,
आणि एक वाक्य, जे माझी बोटं आता
मला न विचारता टाइप करतात:
‘सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.’
चर्चा किती सविस्तर ते चहाला ठाऊक.
तो निवायच्या आत सभा संपते.

अध्यक्ष कुवायामा वाईट माणूस नाहीत.
फिटरची आई गेली तरी अंत्यविधीला येतात,
रांगेत शेवटी उभे राहतात.
नफ्याचा आकडा आधी ठरवतात, एवढंच,
मग वर्ष त्याच्या मापाने शिवून घेतात.
लेखापरीक्षण समितीत तीन सज्जन आहेत,
योग्य जागी ‘मम’ म्हणणारे.

बाहेरचा संचालक हवा, असा बाजाराचा नियम आला
म्हणून इवाकिरीबाई आल्या.
पूर्वी बंदरावर मालाची वजनं तपासायच्या.
वार्षिक अहवालाच्या फोटोत त्यांना मधोमध उभं केलं,
टेबलाशी खुर्ची मात्र दाराजवळ.

मार्चची सभा. विषय क्रमांक सात.
बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
‘सहा फेब्रुवारीला दोनशे चाळीस चाचण्या झाल्यात.
त्या दिवशी बर्फाने रस्ते बंद होते,
मी रात्र स्टेशनवर काढली.
कारखाना चालू होता?’

अर्थप्रमुख नोसे यांनी पान उलटलं,
मग तेच पान पुन्हा उलटलं.
अध्यक्ष हसून मला म्हणाले,
चहा गार झालाय, बदलून आणा.

झाला होता खरा.
बावीस वर्षांत पहिल्यांदा.

नंतर जिन्यात नोसे हळूच म्हणाले,
‘तो प्रश्न अनौपचारिक होता. इतिवृत्तात नको.
तुम्हाला समजतंच.’
समजतं की.
या समजण्याचाच तर पगार घेते.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मलाही पटत आलंय.
पण या मुठीत एक पिंजरा आहे,
आणि त्यात कुणीतरी भाजीची पिशवी घेऊन
नवव्या मजल्याचं बटण दाबतंय.

आणि हेही सांगून टाकते, कुणी विचारलेलं नसताना:
ते दोनशे चाळीस कागद
माझ्याच हातून मंडळापुढे गेले.
तारीख मी वाचली होती.
त्या दिवशी मीही घरीच होते,
दारातला बर्फ फावड्याने उपसत.
दुपारी दोनला दमून आत आले,
हे सुद्धा लख्ख आठवतं.

रात्री ऑफिसात बसून टाइप केलं:
‘संचालक इवाकिरी यांनी सहा फेब्रुवारीच्या
चाचण्यांविषयी विचारणा केली.
उत्तर देण्यात आले नाही.’
कुणी दिले नाही, ते लिहिलं नाही.
तेवढी हिंमत झाली नाही.

मग शिक्का उचलला.
मनगट सवयीने डावीकडे वळलं,
दुसऱ्या हाताने धरून ठेवावं लागलं.
तरी थोडा कललाच.
या खेपेला उजवीकडे.

फाइल गुरुवारी वर गेली.
आज सोमवार.
अजून चौथ्या मजल्यावरच आहे,
असं हागिनोबाईंच्या जागी आलेली मुलगी सांगते.
नवीन आहे.
तिला अजून कुणी
शिक्का मारायला शिकवलेलं नाही.