दुसरीच्या नावाचा बिल्ला

रजिस्ट्रेशन आलं तेव्हा
बाबांनी उमरेडहून फोनवर विचारलं,
"म्हणजे आता तू पक्की?"
मी म्हटलं, पक्की.
आणि त्याच संध्याकाळी सीताबर्डीवरून
ते लॅमिनेट करून आणलं,
पाण्यानं, घामानं, हळदीच्या बोटांनी
कशानंच खराब होऊ नये म्हणून.

धंतोलीतल्या पहिल्या हॉस्पिटलात
काउंटरवरचा माणूस प्लास्टिकवर नख घासत म्हणाला,
"हे काऊन केलं बाप्पा? शिक्का कुठं मारू आता?"
मग म्हणाला, "अनुभव?"

तिथून सुरू झालं.
मे महिना. चेहऱ्याला दुपट्टा गुंडाळलेला,
डोळे तेवढे उघडे;
दर दारात तो सोडायचा, मान पुसायची,
फाईल पुढं करायची.
एकीकडं दोन वर्षांचा बॉण्ड, ओरिजिनल त्यांच्याकडं.
एकीकडं तीन महिने फुकट, मग बघू.
रामदासपेठेत एक मॅडम चांगल्या होत्या,
त्यांनी कूलरसमोर बसवलं, माठातलं पाणी दिलं,
आणि तोच शब्द
जरा हळू आवाजात विचारला.

मेडिकलच्या वॉर्डात तीन वर्षं
एका खाटेवर दोन आणि खाली चटईवर एक,
अशा रात्री काढल्या.
एका म्हाताऱ्याचे डोळे मिटले ह्या दोन बोटांनी,
त्याचा मुलगा खाली चहा प्यायला गेला होता.
पण ते शिक्षणात धरतात.

रूमवरची हर्षदा
लॅबच्या काउंटरवर लागली.
"रक्त तर काढते ना," म्हणाली,
आणि जूनचं माझं भाडं तिनंच भरलं.
मी हिशेब वहीत लिहिला.
तिनं ते पान फाडून
त्यात मिरच्या बांधल्या.

मंगळवारी सव्वासहाला फोन आला.
मानेवाड्याचं, वीस खाटांचं.
"एक पोरगी सोडून गेली. आज नाईटले येता का?"
पगार विचारायचा राहूनच गेला.

इन्चार्ज वासनिक सिस्टरनी कपाटातून ॲप्रन काढला,
त्यावर बिल्ला तसाच लावलेला: निकिता.
"राहू दे आजच्या दिवस.
पेशंटले काय, कोणतंही नाव चालते."

मग निकिता सिस्टर, सलाईन संपली.
निकिता सिस्टर, पंखा कमी करा.
निकिता सिस्टर, त्या दिवशी तर तुम्ही
जाड होत्या थोड्या.

आठ नंबरच्या लेकराला शीर सापडेना.
पहिली सुई चुकली.
त्याच्या आईनं आधी माझ्याकडं पाहिलं,
मग बिल्ल्याकडं, नाव लक्षात ठेवल्यासारखं.
गेलेल्या निकिताला मी मनातल्या मनात
सॉरी म्हटलं आणि दुसरा हात घेतला.
मनगटाच्या मागं, बोटाखाली
काहीतरी सरकलं, शेवईएवढं बारीक.
श्वास धरला.
लागली.
लेकरू रडतच होतं, आई पंख्यासारखा पदर हलवत होती,
कुणी काही म्हणालं नाही.
टेप लावायची, वेळ लिहायची, खाली सही करायची.
सही मात्र मी माझी केली:
रु. नागदेवे.
अक्षर जरा मोठंच आलं.

पहाटे साडेचारला
तीन नंबरचे बोरकर काका, ज्यांना झोप लागत नाही,
बीपीचा पट्टा सोडताना विचारतात,
"किती झाले वं बेटा, या लाईनमध्ये?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.
नऊला आले होते.

"साडेसात," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली,
"मंग ठीक आहे,"
आणि डोळे मिटले.