दोन बोटं माया

रविवारी फादर म्हणाले, तुम्ही सगळे मिळून नवरी आहात.
एकच नवरी. नवरा येतो आहे.
डाग नको तिच्यावर, चुणी नको.

मागच्या बाकावर सांतान तांडेल मिशीत हसला,
बायकोने त्याला कोपर मारलं.
मी हसले नाही.
वेंगुर्ल्यात चाळीस वर्षं नवरीचे झगे शिवते आहे,
माझ्या पोटात गोळा आला:
एवढ्या अंगाचं माप घेणार कोण?

घरी येऊन वही काढली.
सांतान: छाती सेहेचाळीस, मान अशी की कॉलर बसत नाही.
एस्पेरांसाची डावी कंबर वर चढलेली,
तीस वर्षं विहिरीची कळशी त्याच बाजूला.
बोस्त्यांव संध्याकाळी सातनंतर सरळ उभा राहत नाही,
त्याला सकाळी बोलवावं लागेल.
जुझेचा इनास बहारीनच्या बोटीवर, फोनवर सांगतो,
जाडो झालंय गे बाय, कितको ता इचारू नको.
रुजायचं माप दोनदा घेतलंय,
दुसऱ्यांदा मोडलं तेव्हाचं साटीन अजून माझ्याच कपाटात.
आणि इगर्जीमागे काजूखाली, वाळूत निजलेले.
त्यांची मापं आता बदलत नाहीत,
तेवढंच काय ते सोपं.

डागांचं म्हणाल तर
काजूच्या बोंडाचा डाग जन्मभर जात नाही.
रोसाच्या दिवशी नवरीला चोळलेला नारळाचा रस
बाहीला लागला तर वर्षाने पिवळा उमटतो.
बांगड्याचं रक्त गार पाण्यात सुटतं,
गरम पाण्यात धरून बसतं.
गंजाला लिंबू, मीठ आणि दिवसभराचं ऊन.
बिनडागाचं कापड मी फक्त ठाणात पाहिलंय,
कुणीच न घातलेलं.

आणि चुणी?
फादर, तुम्ही कधी झगा शिवला नाही.
सहा वार कापड अडीच वितीच्या कमरेत बसवायचं
तर चुण्या घालाव्याच लागतात,
त्याशिवाय घेर येत नाही, नवरी चालू शकत नाही.
सुरकुती वेगळी. ती इस्त्रीने जाते.
पण इस्त्री म्हणजे निखारे,
अंगावरून फिरणारे. हे सांगितलंत का कुणाला?

वहीत माझं नाव नाही.
टेपचं एक टोक मी धरते,
दुसरं पाठीमागून हाताला लागत नाही.
पाठ मोजायला
दुसरं माणूस लागतं.

एक पान फाटलेलं आहे.
माझी धाकटी, फिलू.
बंदरावरच्या गाबिताच्या मुलाबरोबर रेडीला गेली,
आईने ते पान चुलीत घातलं.
इगर्जीत तिचं नाव कुणी काढत नाही.
छाती बत्तीस, कंबर चोवीस, उंची खांद्यापासून त्रेपन्न.
बावीस वर्षं झाली, तीन बाळंतपणं.
पाठ असून काय उपयोग?

रात्री दिवे गेले. मेणबत्ती लावली, खडू घेतला.
कापड अजून नाही, म्हणून टेबलावरच रेघ ओढली.
बाहेर समुद्र, कुणीतरी जाळं झटकत होतं.
नवरा कधी येणार, फादरनाही ठाऊक नाही;
तारीख न सांगता झगा शिवायला सांगणारं
हे पहिलंच गिऱ्हाईक.
मग मी रेघ अंगासरशी मारलीच नाही.
बगलेला, कमरेला, जिथे जिथे शिवण येईल
तिथे दोन बोटं माया सोडली.
फिलूच्या बाजूला
चार.